सईला पत्र: अन्नधोरणाचं संशोधन कसं चालतं

कार्डिफ, वेल्स

चि. सई,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, वाटतंय की लोकसहभाग, शाश्वतता आणि अन्नधोरण हे तीन वेगवेगळे विषय आहेत, आणि त्यांची मोट बांधून पीएचडी केलीस तर धड कुठल्याच विभागात तुझी जागा राहणार नाही. त्याची काळजी अगदीच खोटी नाही, त्याबद्दल शेवटी लिहिते. पण हे तीन विषय नाहीत. लोक काय खातात, ते पिकवताना आणि पोचवताना माती-पाणी-हवेचं काय होतं, आणि यातलं काय बदलायचं हे कोण ठरवतं, असा हा सलग एकच प्रश्न आहे. आणि माझ्या मते त्यातलं ‘कोण ठरवतं’ हेच सगळ्यात अवघड, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

शेरी अर्नस्टाईन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं वापरून घेतलं जातं किंवा त्यांची समजूत काढली जाते. त्याच्या वर माहिती देणं, मग मत विचारणं, मग एखाददुसरं पद देऊन चुचकारणं. सहाव्या पायरीवर भागीदारी सुरू होते, सातवीवर अधिकार सोपवले जातात आणि आठवीवर कारभारच लोकांच्या हाती येतो. संशोधनाच्या अर्जात बहुतेक वेळा सहावी पायरी लिहिलेली असते आणि प्रत्यक्ष काम चौथ्या पायरीवर अडतं. यात कुणाची नियत वाईट असते असं नाही. अर्ज भरायच्या आधीच प्रश्न ठरलेला असतो, वेळापत्रक ठरलेलं असतं, पैशांची वाटणी झालेली असते. मग वस्तीतल्या संस्थेला ठरवण्यासारखं उरतं ते फक्त बैठक मंगळवारी घ्यायची की गुरुवारी. कुठलाही प्रकल्प पारखायचा असेल तर त्याचं उद्दिष्टांचं पान बाजूला ठेव आणि अंदाजपत्रक वाच. स्थानिक संस्थेच्या माणसाचे तास त्यात मोजलेत का, ते पहिल्या महिन्यापासून मोजलेत की फक्त कार्यशाळेच्या दिवसाचे, हे पाहिलंस की पायरी कळते.

तू स्वतः अंदाजपत्रक करशील तेव्हा या बाबी सुटू देऊ नकोस: सहभागी लोकांचं मानधन, येण्या-जाण्याचा खर्च, मुलं सांभाळण्याची सोय, दुभाषी, जेवण, आणि काम संपल्यावर निष्कर्ष लोकांना वाचता येतील अशा रूपात छापण्याचा खर्च. शेवटची बाब हमखास विसरली जाते, कारण ती करायची वेळ येते तेव्हा निधीची मुदत संपलेली असते. दुभाषी असेल तर बैठकीचा वेळ जवळपास दुप्पट धर. दीड तासाच्या चर्चेत मग अर्धेच प्रश्न मावतात. मानधनाचीही एक मेख आहे. ब्रिटनमध्ये सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या माणसाच्या भत्त्यावर अशा मिळकतीचा परिणाम होऊ शकतो. म्हणून रक्कम कशी द्यायची ते प्रत्येकाला आधी विचारायचं, नको असेल तर नाही म्हणायची मोकळीक द्यायची, आणि हे सगळं नीतिसमितीच्या, म्हणजे संशोधनात लोकांशी नीट वागलं जातं ना हे पाहणाऱ्या समितीच्या, अर्जात लिहायचं. विद्यापीठाच्या हिशेब खात्यात नव्या माणसाला पैसे द्यायचे तर आधी त्याची नोंदणी करावी लागते. ती बैठकीनंतर सुरू केली तर मानधन हातात पडायला आठवडेच्या आठवडे जातात, आणि तोवर विश्वासाला तडा गेलेला असतो. नोंदणी बैठकीच्या आधी उरकावी.

गटचर्चेला सहा ते आठ माणसं पुरे. दहाच्या वर गेली की दोघं-तिघंच बोलतात. जागा विद्यापीठाची नको. लोकांच्या रोजच्या पायाखालची हवी. वेळ सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान चांगली, कारण दुपारी तीनच्या सुमाराला शाळा सुटतात आणि आया अडीचलाच उठू लागतात. एका तासाचं ध्वनिमुद्रण हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात, चर्चेत माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतील तर त्याहून जास्त. दीड तासाच्या वीस चर्चा म्हणजे उतरवण्याचंच काम सुमारे महिनाभराचं होतं. वेळापत्रकात याला जागा नसली की विश्लेषण घाईत उरकलं जातं, आणि लोकांनी मोकळेपणाने सांगितलेलं कागदावर येतच नाही.

आता मोजमाप. इथे तुझ्यासारख्या हुशार मुली फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अन्नाची असुरक्षितता फूड बँकेच्या, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रांच्या, आकड्यांवरून मोजायची नाही. ते आकडे मदत किती वेळा दिली ते सांगतात. ज्यांना लाज वाटते, ज्यांना ती जागा लांब पडते, ते त्यात येतच नाहीत. त्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची मोजपट्टी आहे. अन्न पुरेल का याची चिंता वाटली का, इथपासून दिवसभर काहीच खाल्लं नाही असं झालं का, इथपर्यंत. उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रत्येक प्रश्नात ‘पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी’ हे शब्द असतात, आणि भाषांतर करताना किंवा तोंडी विचारताना नेमके तेच गळतात. मग उपास करणारी, वजन कमी करू पाहणारी, कामाच्या घाईत जेवण चुकलेली माणसंही ‘हो’ म्हणतात आणि आकडा फुगतो. भाषांतर दुसऱ्या माणसाकडून उलट मूळ भाषेत करून घे आणि दहा-बारा जणांवर आधी चाचणी कर. नुसती ‘हो’ची बेरीज करून दोन देशांची तुलना करू नकोस. त्यासाठी रॅश मॉडेल, म्हणजे उत्तरांवरून प्रत्येक प्रश्नाची तीव्रता ठरवणारी संख्याशास्त्राची पद्धत, वापरून दोन्हीकडच्या मोजपट्ट्या आधी जुळवाव्या लागतात.

घरातलं वाया जाणारं अन्न मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकात कुटुंब सात दिवस रोजनिशी ठेवतं, दुसऱ्यात कचऱ्याचा डबा उघडून, वर्गवारी करून वजन केलं जातं. रोजनिशीत आकडा बहुधा कमी येतो. लिहायचा कंटाळा येतो, लिहावं लागतंय म्हणून माणसं त्या आठवड्यात जपून वागतात, आणि मोरीत ओतलेलं दूध किंवा कुत्र्याला घातलेलं उरलंसुरलं ‘वाया’ गेलं असं कुणाला वाटतच नाही. डब्याच्या वजनात मोरीतलं किंवा कुत्र्याला घातलेलं सापडत नाही, पण डब्यात पडलेलं लपत नाही. जमलं तर थोड्या घरांत दोन्ही पद्धती एकदम वापर. त्यांच्यातला फरक किती पडतो ते कळलं की उरलेल्या रोजनिश्यांचा अर्थ लावता येतो. खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं, म्हणजे साली-हाडं, वेगळं नोंदव. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालासाठी जगभर वाया गेलेल्या अन्नाचा १०५ कोटी टनांचा आकडा आहे, त्यातला सुमारे ६० टक्के घरांतला. पण त्यात साली-हाडंही धरलेली आहेत, हे न सांगता तो आकडा वापरला की पुढचा सगळा युक्तिवाद लटका पडतो.

कार्बनच्या आकड्यांचंही असंच. अन्नव्यवस्थेतून जगाच्या एकूण उत्सर्जनाचा किती भाग येतो? २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात २६ टक्के, २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात ३४ टक्के. अन्नव्यवस्थेच्या या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा एका ठिकाणी ६ टक्के, २०२२ च्या एका अभ्यासात १९ टक्के. यात कुणीतरी खोटं बोलतंय असं नाही. हद्द कुठे आखली त्यावर उत्तर बदलतं: दुकानात ठेवणं, घरी शिजवणं, कचरा यांतलं किती धरलं, खतं आणि यंत्रं शेतापर्यंत आणण्याची वाहतूक मोजली की नाही. बैठकीत कुणी ‘लांबून आलेलं अन्न वाईट’ असं ठासून सांगितलं तर आधी हद्द विचार. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत ते किती लांबून आलं यापेक्षा ते काय आहे आणि कसं पिकवलं यानेच जास्त फरक पडतो.

स्थानिक अन्न शाळेच्या ताटात आणणं हे आमच्या क्षेत्रातलं सगळ्यांना आवडणारं काम. ते अडतं मात्र फार साध्या गोष्टींवर. वेल्समध्ये सप्टेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने प्राथमिक शाळेतल्या सगळ्या मुलांना मोफत जेवण सुरू झालं. त्याच वर्षी कार्डिफमध्ये स्थानिक शेतातली कुर्जेट, म्हणजे झुकिनी, मुलांपर्यंत पोचवून पाहण्याचा छोटा प्रयोग झाला, तो उन्हाळी सुट्टीतल्या उपक्रमातून. सुट्टीत का, ते बघ. कुर्जेट भरभरून येते जुलै-ऑगस्टमध्ये आणि शाळा जुलैच्या उत्तरार्धात बंद होतात त्या थेट सप्टेंबरात उघडतात. पीक आणि गिऱ्हाईक यांची गाठच पडत नाही. शेतकऱ्याला मार्चमध्ये सांगावं लागतं किती पेरायचं; शाळेच्या स्वयंपाकघराचा पदार्थांचा तक्ता मात्र त्यांच्या आपल्या चक्राने ठरतो.

हिशेब करून पाहा. एका मुलाला ५० ग्रॅम भाजी धर, शाळेत ३०० मुलं, म्हणजे १५ किलो. अशा ४० शाळा म्हणजे एका दिवसाला ६०० किलो. देठ-सालींत वीस टक्के गेलं तर शेतातून ७५० किलो निघायला हवी, आणि तीही धुतलेली, एकसारख्या पेट्यांत भरलेली, अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र असलेली, ठरल्या दिवशी सकाळी घाऊक पुरवठादाराच्या दारात. एकट्या छोट्या शेतकऱ्याला हे जमत नाही. तीन-चार शेतं जोडावी लागतात आणि मध्ये पुरवठादार लागतोच. त्याला ‘दलाल’ म्हणून बाजूला सारणारे प्रकल्प पहिल्याच पावसाळी आठवड्यात कोलमडतात, कारण एका शेतात चिखल झाला तर दुसरीकडून माल आणायची सोय त्याच्याकडेच असते. संशोधकाने इथे करायचं काम म्हणजे किमतीतला फरक नेमका किती आणि तो कोण भरतंय हे लिहून ठेवणं, शाळेच्या स्वयंपाकिणींना कापायला-शिजवायला किती जादा वेळ लागला ते मोजणं. त्यांना पहिल्या बैठकीला बोलाव. शिजवणाऱ्या हातांना न विचारता केलेली योजना माझ्या मते करूच नये.

धोरण बदलतं ते कसं, याचं एक उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. ब्रिटनने मार्च २०१६ मध्ये गोड पेयांवर कर जाहीर केला आणि तो लागू केला एप्रिल २०१८ मध्ये. तेव्हाचे दर असे होते: १०० मिलीलिटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. ५ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान लिटरला १८ पेन्स. ८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स. अशा पायऱ्या ठेवल्यामुळे आणि मधे दोन वर्षं दिल्यामुळे कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा साखरच कमी केली, आणि ते काम कर लागू होण्याच्या आधीच सुरू झालं. लिटरमागे सरसकट एकच दर लावला असता तर साखर कमी करून कुणाचा काहीच फायदा झाला नसता. अन्नधोरणात अशी मांडणी फार महत्त्वाची असते. वेल्सचा २०१५ चा भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदाही जरूर वाच. सार्वजनिक संस्थांनी काम कसं करावं याच्या पाच रीती त्यात दिल्या आहेत आणि लोकांना सामील करून घेणं ही त्यातली एक. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, अधिकाऱ्याशी बोलताना ‘हे चांगलं आहे म्हणून करा’ यापेक्षा ‘कायद्याने हे तुमचं काम आहे’ हे वाक्य जास्त दूर जातं.

आता दादाच्या काळजीबद्दल. २०२५-२६ साठी यूकेआरआयचा, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी संस्थेचा, किमान पीएचडी स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा मर्यादित असतात, आणि परदेशी फी व इथल्या फीमधला फरक कोण भरणार हे विद्यापीठागणिक बदलतं. प्रवेश स्वीकारण्याआधी ते लेखी घे. पीएचडीनंतर एक ते तीन वर्षांची कंत्राटं, मग जमलं तर कायम नोकरी. या कंत्राटांचा जाच आमच्या विषयात दुप्पट होतो. वस्तीत विश्वास बसायलाच वर्ष जातं आणि कंत्राट संपलं की संशोधक निघून जातो, उघडी पडते ती तिथली संस्था. म्हणून पहिल्या दिवसापासून कामाच्या नोंदी, संपर्क आणि माहिती त्या संस्थेच्या ताब्यात राहील अशी व्यवस्था कर.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे. ब्रिटिश विद्यापीठांच्या संशोधनाचं जे राष्ट्रीय मूल्यमापन होतं, त्यात २०१४ मध्ये समाजावरच्या परिणामाला २० टक्के वजन होतं, २०२१ मध्ये ते २५ टक्के झालं. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो नंतर गोळा करता येत नाही. बैठकीचं इतिवृत्त, निविदेच्या अटीत बदललेलं वाक्य, बदललेला पदार्थांचा तक्ता, अधिकाऱ्याचं दोन ओळींचं पत्र, हे त्या त्या आठवड्यातच तारखेसह जपून ठेव. अधिकारी बदली होऊन गेला की तुझं काम आठवणारं तिथे कुणीच नसतं.

विभागाचं म्हणशील तर भूगोल, नियोजन, सार्वजनिक आरोग्य, समाजशास्त्र यांपैकी कुठेही हे काम बसतं, फक्त पद्धत एक तरी पक्की हवी. तू मोजमापात पक्की हो. लोकांशी बोलणं तुला मुळातच जमतं.

आता तुझा प्रश्न एका पानात लिहून पाठव. त्याखाली तीन ओळी जोड: या प्रश्नाचं उत्तर कुणाला हवं आहे, त्यांना तू विचारलंस का, आणि ते काय म्हणाले. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर पान पाठवायची घाई करू नकोस, आधी त्यांना भेटून ये.

दादा-वहिनींना हे वाचून दाखव. माझ्या आईला साष्टांग नमस्कार सांग.

तुझी
आत्या