बिल्डर का येत नाही

चि. निनादला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बोरिवलीत मावशीची बिल्डिंग पाडून नवी झालीसुद्धा, आपल्या सोसायटीचं घोडं कुठे अडलंय?" मी बोलायला तोंड उघडलं आणि वरून विमान गेलं. तिकडे टोरंटोत तू आपसूक थांबलास! अठरा वर्षं पार्ल्यात काढल्याची खूण ही. सूनबाईला वाटलं असेल फोन कट झाला.

तर ते विमान हेच उत्तर. आपली गल्ली फनेल झोनमध्ये येते, विमानांच्या चढाउताराच्या वाटेखाली. इमारत किती उंच न्यायची, ते विमानतळ प्राधिकरणाच्या परवानगीवर. कागदावर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं बांधकामाची मुभा, मिळतो, पण तो चढवायचा कुठे? जास्तीचे मजले विकून बिल्डरचा खर्च निघतो; तेच नसतील तर आपल्याला फुकट घर कोण बांधून देणार? दोघे येऊन गेले. चहा घेतला, गच्चीवर जाऊन वर बघितलं आणि पुन्हा फिरकले नाहीत.

बाबा म्हणतात, बरंच झालं. मला तसं अजिबात वाटत नाही. लिफ्ट नसलेला तिसरा मजला आहे, आणि गुडघे माझे आहेत. उगाच जुन्या घराचे गोडवे गाऊ नयेत. पण विकून लांब कुठे जा म्हणतोस, ते नाही जमायचं. इथे भाजी, बँक, डॉक्टर, लोकमान्य सेवा संघाचं वाचनालय, सगळं पायी. पोळ्यांच्या बाई येणार नसल्या तर चार घरं सोडून पोळ्या विकत मिळतात. तुझी शाळासुद्धा अजून दोन वेळा गजबजते, रिक्षा अडकतात.

बिस्किटांचा वास तेवढा गेला. १९२९ सालचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. कंपनीनं नाव आपल्या गावाचं घेतलं होतं, त्यामुळे तू लहानपणी सगळी बिस्किटं आपलीच समजायचास, दुकानात पैसे द्यायला तयार नसायचास. लोकलमध्ये डोळे मिटून बसलेली माणसं त्या वासावर उठून दारापाशी यायची. आता मोबाईलमधून मान वर काढून विचारतात, कुठलं आलं?

आणि २०२० चे ते दोन महिने! प्रवासी विमानं बंद, तरी बाबा आणि मी बोलता बोलता थांबायचो. कशासाठी, ते दोघांनाही कळायचं नाही. अजूनही पावसाळ्याच्या आधी नि नंतर रनवेच्या दुरुस्तीला एकेक दिवस अकरा ते पाच विमानं बंद असतात, तेव्हा दुपारची माझी झोप हमखास उडते.

असो. स्ट्रक्चरल ऑडिट झालं. पाडायला नको, पण दुरुस्ती लगेच करा म्हणतात. मागच्या दोन खांबांच्या सळ्या दिसायला लागल्यात, स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे आमटीत पडायच्या बेतात आहेत. तीन मीटिंगा वर्गणीवरून भांडण्यात गेल्या, चौथीत ठराव झाला. मी हात वर केला, बाबांचाही धरून वर केला. आमचा हिस्सा एफडी मोडून दिलाय, तू पाठवू नकोस.

सोमवारी परांची बांधायला येणार. त्याआधी बाल्कनीतला माळा रिकामा करायचाय. वर तुझं खोकं आहे: क्रिकेटचे पॅड, दहावीच्या वह्या आणि सुतळीनं बांधलेला एक डबा, मी उघडलेला नाही. काय ठेवू, काय टाकू ते रविवारच्या आत कळव. पॅडला वाळवी लागलीय, ते मी आधीच दिले टाकून.

तुझी,
आई