आधी बोअरचे पाणी तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती फिश टँकची निगा कशी राखावी, यावर लेख आला होता. मासे मलूल दिसू लागले आणि टाकीत नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारा क्षार) वाढले, तर निम्मे पाणी काढून ताजे भरावे, असा त्यात सल्ला आहे. ज्यांच्या नळाला धरणाचे पाणी येते त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. पण मी जळगावात शोभेच्या माशांचे दुकान चालवते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या टाक्या बोअरच्या पाण्यावर चालतात, आणि त्यांनी हा सल्ला तसाच्या तसा पाळला तर मासे बरे होत नाहीत. म्हणून हे पत्र.

परवाचेच उदाहरण देते. हायवेपलीकडच्या एका नव्या कॉलनीतले शिक्षक दुकानात आले. घरी तीन फुटी टाकी, तिच्यात चार मोठे गोल्डफिश. मासे दिवसभर तळाशी कोपऱ्यात बसलेले, पर अंगालगत मिटलेले, शेपटीच्या कडा झिजलेल्या आणि तिच्यात बारीक लाल रेघा. दाणे टाकले तरी वर येत नाहीत. “ताई, पाणी एकदम नितळ आहे, दर रविवारी निम्मे बदलतो,” असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. कुणीतरी त्यांना आधी मिथिलिन ब्लू दिले होते, मग पिवळी पावडर, मग अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकायला सांगितली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी त्यांना कुठलेच औषध दिले नाही. एका बाटलीत टाकीचे आणि दुसऱ्या बाटलीत घरच्या बोअरचे पाणी घेऊन या, एवढेच सांगितले.

दोन्ही पाणी मी दुकानातल्या चाचणी किटने तपासले. टाकीच्या पाण्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेटची नळी मात्र लालभडक झाली. बोअरच्या पाण्याची नळीही लालच. किटच्या रंगपट्टीवर वरचे दोन-तीन लाल रंग डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून अशा वेळी एक भाग पाणी आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीवाल्याकडे मिळते तेच) असे मिश्रण करून चाचणी घ्यावी आणि आलेल्या आकड्याला चारने गुणावे. तसे केल्यावर बोअरचे पाणी लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास निघाले आणि टाकीचे १२० च्या. इथे आणखी एक सांगते. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, कारण तिच्यातले रसायन तळाशी बसते. ती न हलवता थेंब टाकले तर आकडा खोटा कमी येतो, आणि “आमच्याकडे नायट्रेट नाहीच” असे सांगणारे बरेच जण इथेच फसलेले असतात.

आता हिशेब पाहा. टाकी १२० वर असताना निम्मे पाणी काढून ८० चे पाणी भरले की टाकी १०० वर येते. आठवडाभरात माशांची विष्ठा आणि उरलेले दाणे मिळून ती पुन्हा १२० वर जाते. पुढच्या रविवारी पुन्हा १००. त्या गृहस्थांनी रोज पाणी बदलले असते तरी टाकी ८० च्या खाली कधीच गेली नसती, कारण ८० तर बादलीतूनच येत होते. त्यांच्या निगराणीत काही कसूर नव्हती.

नायट्रेट टाकीत कसे तयार होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, फिल्टरमध्ये आणि खडीत राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन जहाल, तिसरे सौम्य. नायट्रेटने मासा सहसा एका रात्रीत मरत नाही, तो महिनोन्‌महिने खंगत जातो, मग साधी पर कुजण्याची लागणही त्याला झेपत नाही. म्हणून मासा आजारी दिसला की सगळा दोष नायट्रेटवर टाकणेही बरोबर नाही. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर आधी अमोनिया आणि नायट्राइट पाहावे, हवेचा पंप नीट चालतो का ते पाहावे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनियाही जास्त विषारी होतो, त्या दिवसांत हेच कारण अधिक वेळा सापडते.

औषधांबद्दल मला फार तळमळीने सांगायचे आहे. मिथिलिन ब्लू आणि अँटिबायोटिक चालू टाकीत ओतले की फिल्टरमधले उपकारक जिवाणूही मरतात. मग जो अमोनिया शून्य होता तो वाढायला लागतो. औषध द्यायचेच असेल तर मासा वेगळ्या टबात काढून द्यावे. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून खसखसून धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. आम्ही दुकानदारांनी औषधाची बाटली पुढे करण्याआधी पाण्याची बाटली मागायला हवी. चाचणीला दहा-पंधरा मिनिटे जातात, पण गिऱ्हाइकाचे मासे वाचतात.

बोअरमध्येच नायट्रेट असेल तर काय करायचे? पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. तुरटीने जात नाही, कोळशाच्या फिल्टरने जात नाही, यूव्हीने तर नाहीच. आरओने बरेचसे जाते, पण मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) जुने झाले की निसटते, म्हणून आरओच्या पाण्याचीही एकदा चाचणी घ्यावी. आरओमधून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून टाकीत घालणारे लोक मला भेटतात. त्या पाण्यात तर नायट्रेट आणखी घट्ट झालेले असते, ते टाकीला अजिबात वापरू नका. महापालिकेचे वाघूर धरणाचे पाणी मिळत असेल तर क्लोरीन काढून तेच वापरावे. पावसाळ्यात पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघाली की नंतरचे पाणी पिंपात धरून ठेवता येते. शिवाय मनी प्लांटच्या वेली वरून सोडून त्यांची मुळे टाकीत वाढू द्यावीत. मुळे नायट्रेट ओढून घेतात, खर्च काहीच नाही. गोल्डफिशचा त्रास मुळांना होतो, म्हणून ती मागच्या बाजूच्या फिल्टरच्या खणात ठेवलेली बरी.

एक सावधगिरी मात्र हवी. नुसते आरओचे पाणी वापरणाऱ्यांच्या टाकीत क्षार नसल्यामुळे पीएच हळूहळू घसरत जातो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जाते. घसरलेल्या पीएचला जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत राहतो, पण तो तिथे निरुपद्रवी रूपात असतो. मग एखाद्या दिवशी आरओ बंद पडतो, घरचे लोक बोअरचे जड पाणी एकदम निम्म्या टाकीत भरतात, पीएच झटक्यात वर जातो आणि साठलेला अमोनिया जहाल होतो. सकाळी सगळे मासे उलटे. “पाणी बदलले म्हणून मेले” असे लोक म्हणतात, ते अशा वेळी खरेच असते. म्हणून आरओ आणि बोअरचे पाणी मिसळून वापरावे, आणि नायट्रेट उतरवायचे तर एक दिवसाआड थोडे थोडे पाणी बदलून उतरवावे. त्या शिक्षकांना मी हेच सांगितले. दाणेही निम्म्यावर आणायला लावले. मासे आता खायला वर येतात, शेपटीच्या कडांना नवे पारदर्शक पर फुटू लागले आहेत.

हे सगळे केवळ माशांपुरते असते तर मी आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात जागा मागितली नसती. त्या शिक्षकांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. त्यांच्याकडे चार महिन्यांचे बाळ आहे, पावडरच्या दुधावर. ते दूध बोअरचे पाणी उकळून त्यात कालवले जात होते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि त्या बोअरचे पाणी ८० च्या आसपास. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कोमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध १९४५ मध्येच दाखवून दिला होता. नायट्राइट वाढलेल्या टाकीत माशांचे कल्ले तपकिरी पडतात, ते याच कारणाने. बाळाला आता दुसरे पाणी देतात आणि डॉक्टरांनाही दाखवून आणले आहे, ते सुखरूप आहे. पण माशांच्या शेपट्या झिजल्या नसत्या तर त्या घरात कुणालाच काही कळले नसते, कारण नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटबाबत देशातले जे पंधरा जिल्हे वेगळे नोंदवले आहेत, त्यांत सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. केळी आणि कापसाला पडणारा युरिया, गुरांचे उकिरडे आणि गटार नसलेल्या कॉलन्यांतले शोषखड्डे, हे सगळे पावसाबरोबर खाली झिरपते. नव्या लेआउटमध्ये तर एकाच प्लॉटवर पुढे बोअर आणि मागे शोषखड्डा असतो.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासायचे किट आणि प्रशिक्षण दिले जाते, त्या किटमध्ये नायट्रेटचीही चाचणी असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्यात प्रयोगशाळा आहे. शहराच्या कडेच्या कॉलन्यांतले खासगी बोअर मात्र या दोन्हींच्या मधे राहून जातात, आणि पाणी कुठे, कसे द्यायचे हेही तिथल्या लोकांना माहीत नसते. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला तरी गोंधळ होतो. काही अहवालांत आकडा नायट्रेटचा असतो, काहींत फक्त त्यातल्या नायट्रोजनचा. नायट्रोजन म्हणून १० लिहिले असेल तर ते नायट्रेटच्या ४५ च्या जवळपास असते, हे अहवालाच्या कागदावरच छापायला हवे.

आपल्या जिल्हा पानावर उन्हाळ्यात रोज तापमान आणि पावसाळ्यात वाघूर, हतनूर, गिरणा धरणांचा साठा छापला जातो. त्याच पानावर पावसाळ्याआधी आणि नंतर असे वर्षातून दोनदा वॉर्डनिहाय बोअरच्या पाण्यातले नायट्रेटही छापावे, आणि पाण्याचा नमुना कुठे द्यायचा, बाटली कशी भरायची, शुल्क किती, ही माहिती सोबत द्यावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे. महापालिकेने नव्या लेआउटला परवानगी देताना बोअर आणि शोषखड्डा यांतले अंतर जागेवर जाऊन मोजावे. तोपर्यंत ज्यांच्या घरी बोअर आहे आणि लहान बाळ आहे, त्यांनी माझ्या दुकानात बाटलीभर पाणी आणावे. चाचणी मी करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपली विश्वासू,
एक मत्स्यविक्रेती, जळगाव