भाकरीला सूट कशासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘शुगरवाल्यांसाठी खास कडक भाकरी’ अशा पाट्या हल्ली सोलापुरात हॉटेलांपासून बचत गटांच्या स्टॉलपर्यंत दिसू लागल्या आहेत. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं झाल्यापासून ज्वारीला जणू औषधाचाच मान मिळालाय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान मलाही आहे. पण माझं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर सारखं ऐकू येतं ते असं: “गहू-भात बंद केला, आता निव्वळ भाकरी. तरी शुगर हलेना.”

हलणार कशी? १०० ग्रॅम ज्वारीत ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे पचून साखर होणारे पिष्टमय पदार्थ, असतात. गव्हातही जवळपास तेवढीच. पांढऱ्याफेक भातापेक्षा भाकरी बरी, हे कबूल; पण ती कमी कर्बोदकांचं अन्न नव्हे. कडक भाकरी वाळवताना तिच्यातलं पाणी जातं, पीठ जात नाही. हाताला हलकी, खायला कुरकुरीत, म्हणून आमटीत चुरता चुरता चार कधी संपल्या ते कळतही नाही. आणि शेवटी घासभर भात लागतोच!

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं दिसलं. प्रथिनं मात्र बेताचीच. त्याच पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे, असा अंदाज आहे. म्हणजे धान्य बदलून भागणार नाही, ताटातला धान्याचा वाटाच कमी करायला हवा. त्यासाठी बदामाचं पीठ आणि ॲव्होकाडो विकत घ्यायची गरज नाही. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईला ते सांगणं ही तर थट्टाच. तिला सांगावं: भाकरी एक, पण दाळ घट्ट, मटकी किंवा हुलग्याची उसळ वाटीभर, जमेल तेव्हा अंडं, पालेभाजी भरपूर. शहराच्या पूर्व भागात रात्री भात लागतो तर तो असू द्या, पण मग त्यासोबत भाकरी नको. आपल्या भुईमुगाच्या शेंगांत तर चौथा हिस्सा प्रथिनं असतात आणि कर्बोदकं पाचव्या हिश्श्याहूनही कमी. शेंगाचटणी बोटभर लावून घेण्याऐवजी शेंगांची आमटीच दाट करावी. (चटणीतलं मीठ बीपीवाल्यांनी बघावं, आणि शेंगांत निम्मं तेल असतं हेही.)

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगायची आहे. ग्लिमेपिराईडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कुणी एका दिवसात भाकरी-भात सोडू नये. एक काका नुसती काकडी आणि ताक घेऊन सकाळची गोळी घेत होते. दुकानाच्या पायरीवर घामाने डबडबून, हात थरथरत बसले. साखर-पाणी दिल्यावर सावरले. हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा: त्यांच्यावर असताना कर्बोदकं फार कमी केली तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून माणूस दवाखान्यात दाखल होऊ शकतो. आधी डॉक्टरांना सांगायचं, डोस बदलायचा का ते विचारायचं, मग ताट बदलायचं.

आता शिबिरांबद्दल. गणेशोत्सवात, जयंत्यांना मंडळं बोटाला सुई टोचून शुगर तपासतात आणि ‘नॉर्मल’ असा कागद हातात देतात. जादा कर्बोदकांची यकृतात चरबी होते, पोट सुटतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या वर जातं, आणि शुगर मात्र कित्येक वर्षं ठीकठाक दिसत राहते. आपल्याकडच्या निकषाने पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. गणवेश शिवणाऱ्या या शहरात मोजायच्या टेपला काय तोटा? यंदा मंडळांनी शुगरच्या टेबलाशेजारी एक टेप आणि बीपीचं यंत्र ठेवावं, कंबर जास्त भरेल त्याला उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायला सांगावं. बायकांची कंबर मोजायला बाईच असावी, पडद्याआड. नाहीतर निम्म्याजणी रांगेतूनच परत जातील.

आपला,
एक औषध विक्रेता, सोलापूर