फेरीबोट चुकवू नका

महोदय,

शिमग्याच्या दिवसांत आम्ही बागमांडल्याहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. महामार्ग मुद्दाम टाळला. बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडल्या. त्या दहा-पंधरा मिनिटांत कोकण जेवढं भेटतं, तेवढं हमरस्त्यावर दिवसभरात भेटत नाही. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, पालखीसाठी मुंबईहून आलेले चाकरमानी, शाळेची पोरं, सगळे एकाच फळीवर. एका काकूंनी तर 'पालखी आज आमच्याच घरी हाय, जेवूनच जावा' म्हणून आग्रह धरला. आम्ही गेलोही. अंगणात देव नाचवताना ढोलाच्या ठेक्यावर पाय आपोआप हलतात.

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. पण जांभ्याचा सडा म्हणजे ओसाड जमीन, असं समजून त्यावर सहज जेसीबी फिरतो, ही मला खरी भीती वाटते.

रेवस-रेड्डी सागरी मार्गावर खाड्यांवर पूल होणार आहेत. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला ते हवेतच, त्याला माझा विरोध नाही. मात्र रस्त्याची आखणी करताना प्रत्येक सडा आधी गावातल्या जाणत्यांना सोबत घेऊन पायी तपासावा आणि पूल झाल्यावरही फेरीबोटी चालू ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे