होडीवरच्या गाण्यांसाठी दुसरी बॅटरी

बेती, गोवा
१२ ऑक्टोबर

प्रिय बाबल,

पत्र मिळालं. देवबागच्या तुझ्या पर्यटकांच्या होडीवर गाणी वाजवायला कुठली बॅटरी लावू, असं तू विचारलंस. दोन पानं स्पीकरचं कौतुक आणि बॅटरीबद्दल तीन ओळी! मेल्या, उलट लिहिलं असतंस तर मला जास्त सोयीचं झालं असतं. असो, तीन ओळींवरून जेवढं कळलं त्यावर सांगतो.

पहिली गोष्ट, इंजिनाच्या बॅटरीवर गाणी लावू नकोस, आज नाही आणि उद्याही नाही. सेल्फ मारायची बॅटरी पातळ प्लेटांची असते. दोन-चार सेकंद शंभरावर अँप द्यायचे आणि लगेच परत भरून घ्यायचं, यासाठीच ती बनवलेली. तिला तासन्‌तास हळूहळू रिकामी केलीस तर एका सीझनमध्ये ती बसेल. आणि बसण्याआधी एखाद्या संध्याकाळी संगमावर ओहोटी लागलेली असताना सेल्फ नुसता कट् करेल. होडीत बारा माणसं, वायरलेस आणि होडीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्जचा पंपही त्याच बॅटरीवर. पुढचं तूच बघ.

म्हणून दुसरी बॅटरी हवीच. गावातल्या दुकानदाराने तुला इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी सुचवली आहे. घराच्या कोपऱ्यात ती उत्तम चालते. होडीत ती उंच, आतलं आम्ल डुचमळणारी, आणि चार्ज होताना हायड्रोजन, म्हणजे पेट घेणारा वायू, सोडणारी. तुझ्या बाकाखाली पेट्रोलची टाकी आहे हे त्याला ठाऊक नसेल, तुला तर आहे. ती नको.

आता हिशेब. तुझा अँप्लिफायर चार चॅनेलचा, प्रत्येकी ५० वॅट म्हणजे २०० वॅट. पण गाणं सतत पूर्ण ताकद खात नाही. ढोल वाजला की ओढतं, मधे सोडतं. चांगल्या मोठ्या आवाजात सरासरी सात-आठ अँप धर, गाणी वाजवणाऱ्या डेकसकट. दिवसाला पाच तास गाणी म्हणजे आठ गुणिले पाच, ४० अँपिअर-तास झाले; बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात सांगतात. शिशाची कुठलीही बॅटरी, अगदी पाणी न घालायची सीलबंद ‘एजीएम’सुद्धा, निम्म्याच्या खाली नेऊ नये. म्हणजे ८० ची लागते, हाताशी थोडं राखायचं तर १०० ची. ती जवळपास ३० किलो भरते.

तू लिहिलंस की चार्जिंग इंजिनावर होईलच. इथेच सगळं अडतं. तुझ्या ४० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डचा, म्हणजे मागे टांगलेल्या इंजिनाचा, वीज बनवणारा अल्टरनेटर पूर्ण वेगात साधारण पंधराएक अँप देतो, मंद चालीत त्याच्या कितीतरी कमी. तू पूर्ण वेगात जातोस किती? संगमापासून त्सुनामी आयलंडपर्यंत, आणि मग वाळूवर लोक उतरले की इंजिन बंद आणि गाणी सुरू. डॉल्फिनच्या मागे तर तू अगदी सावकाश जातोस. दिवसभरात इंजिनावर गाण्यांच्या वाट्याला पाच-सात अँपिअर-तास आले तरी नशीब. रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, लावून दोन्ही बॅटऱ्या जोडता येतात, आमच्या मोठ्या डिझेल बोटींवर तेच करतो, पण तिथे इंजिन तासन्‌तास चालतं. तुझ्याकडे रिलेला देण्यासारखं काही उरत नाही.

तेव्हा तुझी दुसरी बॅटरी रात्री घरी चार्ज व्हायची. म्हणजे रोज किनाऱ्यावरून वाळू तुडवत ती तुलाच उचलून न्यायची, आणि हे ध्यानात आलं की निवड आपोआप बदलते. ३० किलोचं ओझं तू चार दिवस नेशील, पाचव्या दिवशी होडीतच सोडशील. म्हणून मी लिथियम म्हणतो, त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेटच. ६० अँपिअर-तासाची सात-आठ किलोची येते आणि तिचा ऐंशी टक्के वापर बिनधास्त करता येतो, म्हणजे ४८. तुझं भागलं. महाग आहे, हे मला ठाऊक आहे. पण शिशाची तू अशी वापरलीस तर दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागेल.

ती इंजिनाला कुठेही जोडू नकोस, निगेटिव्हसुद्धा नाही. गाणी कितीही वाजली तरी सेल्फला धक्का नाही. शिवाय अल्टरनेटरची ती ‘कुंई’ स्पीकरमध्ये शिरत नाही, हा तुझ्यासारख्या कानवाल्याला मोठाच फायदा.

घेताना आतल्या बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा, अखंड करंट किमान ५० अँप आहे ना ते बघ. चार्जर लिथियमचाच, १४.६ व्होल्टचा, जुना शिशाचा ‘रिपेअर मोड’वाला लावू नकोस. मल्टीमीटरवर या बॅटरीचं पोट कळत नाही, ती बराच वेळ १३ व्होल्टच्या आसपासच दाखवत राहते आणि मग एकदम कोसळते. त्यामुळे रोज चार्ज करायचीच, उरली आहे का याचा विचार न करता. पावसाळ्यात होडी वर काढलीस की अर्धी भरून ठेव, पूर्ण भरून नको.

वायर टिनचा मुलामा दिलेलीच घे. साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून हिरवं होतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. दहा स्क्वेअर एमएम पुरेल, बॅटरी अँप्लिफायरजवळ ठेवलीस तर. तीस अँपचा फ्यूज बॅटरीपासून वितीच्या आत. काढ-घाल रोजची आहे, तर अँडरसन कनेक्टर, म्हणजे जाड वायरींचा झटकन काढता-घालता येणारा जोड, लाव. तो उलटा बसतच नाही, तुझा पोऱ्या अंधारात जोडेल तरी. डबा झाकणाचा, आणि पट्ट्याने बांधलेला.

एक आपलं माझं म्हणणं, मानायचं तर मान. डॉल्फिन दिसले की गाणी बंद कर. ती जनावरं आवाजावरच वाट आणि शिकार शोधतात. लोकांनाही त्यांचा श्वास सोडल्याचा आवाज ऐकू येईल, तेवढ्यासाठीच तर ते आलेले असतात.

अँप्लिफायरच्या पाठीमागच्या पट्टीचा फोटो आणि त्याच्यावरचा फ्यूज किती अँपचा आहे ते पाठव. फ्यूज चाळीसचा निघाला तर वायर सोळा स्क्वेअर एमएमची लागेल आणि ६० ऐवजी १०० ची बॅटरी बघावी लागेल, ती बारा-तेरा किलोची. आकडा कळला की वायर, तिच्या टोकाला बसवायचे लग आणि कनेक्टर कणकवलीच्या एसटीने धाडतो. लगांना सोल्डर करत बसू नकोस, मी क्रिम्प करूनच, म्हणजे वायरीवर दाबून बसवूनच, पाठवीन.

काकींना नमस्कार. सुकट पाठवली होतीस ती पोचली आणि संपलीही.

तुझा,
दिगू