खाजण म्हणजे घाण नव्हे

मा. संपादक, नमस्कार.

परवा तुमच्याच पेपरात कुणीतरी लिहिलंय की खाडीकाठचा चिखल नि तिवरं (त्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) म्हणजे नुसती घाण, डास होतात, भराव टाकून मस्त जॉगिंग ट्रॅक करा. राहावलं नाही म्हणून लिहितोय. माझं घर गुहागर तालुक्यात खाडीला लागूनच, पडवीतनं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती चिखलाची जमीन, दिसतं.

एकदा ओहोटीला येऊन नुसते बसा. पाच मिनिटं काही दिसत नाही, मग चिखलच हलायला लागतो. निवटे बाहेर येतात, मासाच तो, पण परांवर रांगत चालतो, डोळे बेडकासारखे डोक्यावर, मध्येच लोळून अंग ओलं करून घेतो. उगाच नाही, पाण्याबाहेर तो ओल्या कातडीतनं नि तोंडातनं श्वास घेतो, कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो, अंग सुकलं की संपला. बगळा आला की सुळकन बिळात. शेजारी बारक्या कुर्ल्या, नराचा एकच डेंगा (नांगी) भलामोठा, तो हलवून बाकीच्यांना दम देत असतात (आमच्या वाडीत पण आहेत असे दोघं-तिघं).

तिवरांच्या मुळ्या पेन्सिली रोवल्यासारख्या वर येतात, कारण चिखलात हवा नसते, झाड त्यांच्यातनंच श्वास घेतं. त्यावर फूटभर माती पडली की झाड उभ्याउभ्या मरतं, कोयती लावायला नको. आमच्याकडे एकाने डंपर लावून रातोरात तेच केलं, पुढच्या पावसापर्यंत तिवरांच्या काटक्या. जिताड्याची, कोळंबीची पिल्लं याच मुळ्यांत लपून मोठी होतात, मोठ्या माशाला आत शिरता येत नाही. आमचे काका हल्ली पाग (फेकायचं जाळं) घेऊन जातात नि बऱ्याचदा हात हलवत येतात, आता कारण तेवढंच असेल असं नाही म्हणा.

आणि डासांचं म्हणाल तर भरतीचं पाणी दिवसातनं दोनदा येऊन जातं तिथे त्यांचं फारसं फावत नाही, भरावाने पाणी अडून डबकं झालं की मग बघा.

हायकोर्टाने 2005 सालीच तिवरं तोडायला नि भराव टाकायला मनाई केलीय, 2012 पासून सरकारचा कांदळवन (खाडीतल्या अशा झाडांचं रान) कक्ष आहे, 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष पण झाली. कागदावर सगळं ओके, डंपर रात्री येतो.

ट्रॅक हवाच तर रस्त्याच्या कडेने करा ना. आणि तुमच्या फोटोग्राफरला एकदा ओहोटीला पाठवा, फक्त चांगली चप्पल घालून नको, चिखलातच राहील.

– एक वाचक, ता. गुहागर