देहदानाचा अर्ज भरला, पुढे काय?

संपादक महोदय,

डिजिटल टेबलावर बोट फिरवले की मेंदूचे थर उलगडतात, मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना मृतदेह कशाला हवेत, असा सूर हल्ली चांगल्या शिकलेल्या लोकांतही ऐकू येतो. पडद्याचा उपयोग आहेच, अख्ख्या वर्गाला एकदम दिसते. पण त्यातला मेंदू दरवेळी तोच. खऱ्या माणसांत रक्तवाहिन्यांचे फाटे सारखे नसतात. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे कडे असते, ते पुस्तकातल्यासारखे पूर्ण असेलच असे नाही. कित्येकांत एखादी जोडवाहिनी अगदी बारीक किंवा नसतेच. उद्या पक्षाघाताचा रुग्ण तपासणाऱ्याने हे डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या वर्गात, स्वतः हाताळून पाहिलेले बरे.

ताजा मेंदू शहाळ्यातल्या मलईसारखा मऊ असतो. फॉर्मेलिनमध्ये दोन-तीन आठवडे राहिला की घट्ट होतो, मग काप करून शिकवता येते. संशोधनाला मात्र एवढी सवड नसते. अल्झायमरचे निदान जिवंतपणी बऱ्याच अंशी होते, पण खात्रीची मोहोर मृत्यूनंतर मेंदूची ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच उमटते. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत यासाठी दान केलेले मेंदू जपणारी मेंदूपेढी आहे, आणि तिथला हिशेब मृत्यूनंतरच्या तासांचा.

आपल्या गोमेकॉचा (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा) वारसा १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातो. संमोहनातून मनाच्या व्यापारांचे कोडे उलगडू पाहणाऱ्या कांदोळीच्या आबे फारियांचा पुतळाही पणजीतच आहे. (त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे!) एवढ्या जुन्या परंपरेच्या गावात देहदानाबद्दल घरोघरी गैरसमज असावेत, हे पटत नाही.

अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात शेवटचा शब्द घरच्यांचा असतो. मुलगा नाही म्हणाला तर वडिलांची सही कागदावरच राहते. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल, शवचिकित्सा झाली असेल, काही संसर्गजन्य आजार असतील, तर देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान केले तरी देहदानाला अडचण येत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसते. आणि धर्माची अडचण म्हणाल, तर दहावे-बारावे करायला कुणी अडवलेले नाही.

म्हणून विनंती एवढीच, की गोमेकॉच्या शरीररचनाशास्त्र विभागाने वर्षातून एखाद-दोनदा पेडणे, सत्तरी, काणकोणच्या पंचायत सभागृहांत येऊन मराठी-कोकणीतून लोकांशी बोलावे. सोबत काचेच्या बरणीतला मेंदू आणला तर गर्दी आपोआप होईल. आणि भाषणांपेक्षा व्यवहाराचे सांगावे: रविवारी रात्री दोन वाजता घरात मृत्यू झाला, तर फोन कुठल्या नंबरवर करायचा, मृत्यूचा दाखला कोणी द्यायचा आणि बांबोळीला गोमेकॉपर्यंत गाडी कोणाची?

एक निवृत्त शिक्षिका, फोंडा